वर्गात पोरं किती?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची रीघ लागते. मी अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याकडे येईपर्यंत पुढच्या कॉलेजच्या फीचा आकडा त्यांनी भाच्याकडून, सेतू केंद्रावाल्याकडून, नाहीतर मोबाईलवरून काढून ठेवलेला असतो. त्यांना मला विचारायचं असतं ते वेगळं, आणि तेही अहिराणीत. "मॅडम, तठे पोरे कितला शेतस?" त्या कॉलेजात मुलं किती आहेत?

बरीच वर्षं मी हा प्रश्न ऐकते आहे आणि मला तो अतिशय शहाणपणाचा वाटतो. पाच एकर कोरडवाहू करणाऱ्या माणसाला प्राध्यापक कसे शिकवतात, प्रयोगशाळेतली उपकरणं चालतात की कपाटात आहेत, हे कळायला मार्ग नाही. माहितीपुस्तिका सगळ्यांच्याच गुळगुळीत असतात. डोळ्यांना दिसते ती फक्त गर्दी. साठ जागांच्या शाखेत सतरा मुलं बसलेली दिसली की तो मनात म्हणतो, ज्यांना जास्त कळतं ते इथे आलेले नाहीत, मग मी का यावं? पुढच्या वर्षी त्या सतराची नऊ होतात. ही नऊ मुलं पाहून आणखी कुणी परत जातो. कॉलेज रिकामं होण्याची सुरुवात कशानेही झालेली असो, एकदा ते रिकामं दिसायला लागलं की रिकामेपणच पुढचं काम करतं.

लोकांच्या या भीतीला आधार आहे. खान्देशाने कॉलेजं बंद पडताना पाहिली आहेत. डी.एड.चं उदाहरण तर ताजं आहे. एके काळी डी.एड.ला नंबर लागावा म्हणून लोकांनी शेत गहाण टाकलं, डोनेशन भरलं. मुलगी डी.एड. झाली की स्थळ चालून यायचं. मग शिक्षकभरती थांबली, २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली आणि पाहता पाहता ती विद्यालयं ओस पडली. आमच्या रस्त्यावरच्या एका इमारतीवर तेव्हा अध्यापक विद्यालयाचा फलक होता, आता फार्मसीचा आहे. रंग नवा आहे, खालची अक्षरं अजून दिसतात. ज्या घरातली मोठी मुलगी डी.एड. होऊन अकरा महिन्यांच्या करारावर शिकवते आणि उरलेला वेळ शिलाई करते, त्या घरात धाकट्याच्या वेळी "पोरं किती" हा प्रश्न पहिला येणारच.

अभियांत्रिकीचंही तसंच. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं. पुढे भुसावळ, फैजपूर, शिरपूर, धुळे. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चं. तोवर आमच्या मुलांना इंजिनीअर व्हायला पुणं, सांगली, कराड गाठावं लागे, ते घराजवळ झालं. मग देशभर जागा वाढतच गेल्या. २०१४-१५ च्या सुमारास तंत्रशिक्षण परिषदेच्या हिशेबात त्या तीस लाखांच्या वर होत्या, २०२१ पर्यंत तेवीस लाखांच्या आसपास उतरल्या. कमी झालेल्या जागांत आमच्यासारख्या भागातल्याही होत्या. २०२४ पासून परिषदेने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या प्रवेशाची कमाल मर्यादा काढून टाकली. पुण्यातली नावाजलेली कॉलेजं कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवू शकतात, आणि तिथे वाढलेली प्रत्येक तुकडी कुठल्या तरी तालुक्यातली तुकडी घेऊन जाते. नियम करणाऱ्यांनी याचा विचार केला असेल, पण पारोळ्याच्या बसस्टँडवरून तो विचार दिसत नाही.

आता पैशाचं. एका वडिलांनी माझ्यासमोर वहीच्या पाठीमागच्या पानावर मांडलेला हिशेब सांगते. आमच्याकडे हिशेब रुपयांत सुरू होतो आणि क्विंटलवर येतो. पुण्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या एका खाजगी कॉलेजची फी एक लाख दहा हजार, त्यातली अर्धी सवलतीत जाईल असं धरून पंचावन्न हजार. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, खोली महिना पाच हजार, मेस साडेतीन हजार, दहा महिन्यांचे पंच्याऐंशी हजार. झाले एक लाख चाळीस हजार. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये. भागाकार केला तर सव्वासतरा क्विंटल. पाच एकरांत, पाऊस बरा झाला तर, एकरी चार धरून वीस क्विंटल पिकतो. बियाणं, खत, फवारणी, वेचणी अजून त्यातून काढायचीच आहे. आणि हमीभाव केंद्रावर नंबर लागेल तेव्हा लागेल, तोवर खेडा खरेदीवाला व्यापारी दारात उभा राहून त्याच्याहून कमीच सांगतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तरी धाडनं शे."

तरी पाठवायचंच आहे. का, हे मी खूप दिवस समजून घेते आहे. एक कारण घराच्या आकारात आहे. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी मुलं २.९ होती, २०१९-२१ च्या पाहणीत १.७. माझ्या आजीच्या घरात सहा भावंडं होती. त्यातला एक शिकला, बाकीच्यांनी शेत केलं. आता घरात दोन. एक मुलगा, एक मुलगी, किंवा दोन मुलगे. सगळी जमीन, सगळं कर्ज, सगळी आशा त्या दोघांवर. मुलं कमी झाल्यामुळे गावातल्या वर्गांत बसायला मुलं कमी, आणि मुलं कमी झाल्यामुळेच एकेकाला बाहेर पाठवणं घराला कसंबसं शक्य. स्थानिक कॉलेज दोन्ही बाजूंनी मार खातं.

दुसरं कारण लग्न. हे कुणी अर्जात लिहीत नाही, पण प्रत्येक घरात बोललं जातं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. ती मुलं आज पंधरा ते एकवीस वर्षांची आहेत. म्हणजे आज कॉलेजच्या दारात उभी असलेली पिढी ती हीच. चार-पाच वर्षांत या मुलांची लग्नं बघायची वेळ येईल आणि शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे आज चाळिशीला टेकलेले त्यांचे चुलते दाखवून देत आहेत. "मुलगा पुण्याला असतो" या वाक्याला सोयरिकीत किंमत आहे. मग त्याचं कॉलेज तिथे शहराच्या टोकाला असलं, कोर्सची शाखा नकोशी असली, तरी चालतं. प्रवेश फेऱ्यांत जागांचा मोठा वाटा त्या-त्या विद्यापीठाच्या मुलांसाठी राखलेला असतो. त्यामुळे जे गुण आमच्या मुलाला जळगावात, शिरपुरात पहिल्या पसंतीची शाखा देऊ शकतात, तेच गुण त्याला पुण्यात उरलेल्या जागेवर नेऊन बसवतात. मी हे कागदावर काढून दाखवते. काही पालकांना ते पटतं. बहुतेकांना पटतं आणि तरीही ते पुण्याला पाठवतात, कारण कंपन्या मुलाखतींना पुण्यात येतात. जळगावात पाईप आहेत, ठिबक आहे, चटई आहे, डाळमिल आहेत, पण त्या पगारावर चार वर्षांच्या फीचं कर्ज फिटत नाही. यात पालकांना दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही.

मुलगा जातो. मुलीचं काय होतं, ते मला सांगायचं आहे, आणि खरं तर त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको, खाजगी विद्यापीठं आणि खाजगी अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. निर्णय चांगला आहे, मनापासून चांगला आहे. माझ्या काही विद्यार्थिनी त्यामुळेच आज इंजिनीअरिंगला आहेत. पण त्याच हिशेबाच्या वहीवर परत या. फीचे पंचावन्न हजार खोडले तरी खोली आणि मेसचे पंच्याऐंशी हजार तिथेच राहतात. एका आईने मला म्हटलं, "फी माफ शे, पन ऱ्हावानं-खावानं कुठे माफ शे?" मुलावर सव्वासतरा क्विंटल कापूस घालवायला तयार असलेलं घर मुलीवर साडेदहा क्विंटल घालवताना थांबतं. नेहमी पैशामुळेच थांबतं असं नाही. रात्रीची ट्रॅव्हल्स, अनोळखी शहर, आणि लोक काय म्हणतील. "आंडेर जोडे ऱ्हायनी ते बरं," असं म्हणतात. लेक जवळ राहिली तर बरं.

म्हणून लेक जवळच्या कॉलेजात येते. ते कॉलेज, ज्याच्याबद्दल तिच्या भावाच्या वेळी "पोरे कितला" विचारून घराने पाठ फिरवली होती.

तिचा दिवस एसटीवर चालतो. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत असतो. बारावी झाली की तो संपतो आणि विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो, त्यात एक तृतीयांश भाडं आपलं. रक्कम मोठी नाही, पण शिक्षण वरच्या वर्गात गेलं आणि मोफत पास संपला, हे घरात लक्षात राहतं. त्याहून मोठा प्रश्न वेळेचा. सकाळची गाडी चुकली की पहिले दोन तास गेले. संध्याकाळची गाडी लवकर सुटते म्हणून प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघावं लागतं. टायट्रेशनचा प्रयोग शेवटच्या थेंबांवर आलेला असताना आमच्याही मुली घड्याळाकडे पाहतात, आणि मी शिक्षिका असून त्यांना "जा" म्हणते. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा मुलं मोटरसायकली काढून आली. मुली आल्या नाहीत. त्यांच्यातल्या काही नंतरही आल्या नाहीत.

आणि ज्या येतात त्यांच्यासमोर काय उरलं आहे? अनुदानित कॉलेजात प्राध्यापकाचं पद कार्यभारावर ठरतं. मुलं घटली की तास घटतात, तास घटले की निवृत्त झालेल्याची जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे पैसे घेऊन, कुणीतरी येतो आणि सत्र संपलं की जातो. त्याला घर चालवायला दोन-तीन कॉलेजं करावी लागतात, मन लावून शिकवायला उसंत कुठून मिळणार? विनाअनुदानित कॉलेजात तर पगार मुलांच्या फीतूनच निघतो, आणि माफ झालेल्या फीची रक्कम संस्थेकडे यायला वेळ लागतो. पहिल्यांदा बंद होतात ते कमी मुलांचे विषय. भौतिकशास्त्र स्पेशल, गणित स्पेशल, इलेक्ट्रॉनिक्स, तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञानाचं मला विशेष वाईट वाटतं, कारण १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं तेव्हा ते शिकायला बाहेरून माणसं या गावी येत होती.

माझी एक विद्यार्थिनी होती. नाव लिहीत नाही. गणितात चांगली, भौतिकशास्त्रात त्याहून चांगली. प्रश्न सोडवून झाल्यावरही "पण असंच का" म्हणून थांबणारी. तिला बी.एस्सी. फिजिक्स करायचं होतं, पुढे एम.एस्सी., पुढे काय ते तिने ठरवलेलं नव्हतं. जवळच्या कॉलेजात तिने प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडायची वेळ आली तेव्हा फिजिक्सला चार जण. विषय चालणार नाही, दुसरा घ्या, असं सांगितलं गेलं. चारांतला एक मुलगा पुण्याला गेला. दोघं धुळ्याला प्रवेश घेऊन रोज मोटरसायकलने जाऊ लागले. ती राहिली. घरच्यांना विचारायला मी स्वतः गेले होते. चहा झाला, कळण्याच्या भाकरीचा आग्रह झाला, वडील अदबीने बोलले, पण रोज धुळ्याला जाणं त्यांना मान्य झालं नाही. तिने रसायनशास्त्र घेतलं. माझाच विषय. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. ती उत्तम गुणांनी पास झाली, आता एका क्लासमध्ये शिकवते, स्पर्धा परीक्षा देते. तिचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. पण एका मुलीला जे शिकायचं होतं ते, वर्गात आणखी सहा मुलं नव्हती म्हणून, तिला शिकता आलं नाही. कुठल्याच आकडेवारीत हे येणार नाही. तिथे ती पदवीधर म्हणून मोजली गेली आहे.

जवळचं कॉलेज रिकामं होणं हे संस्थाचालकांचं दुखणं म्हणून पाहिलं जातं. "जागा जास्त झाल्या होत्या, काही बंद पडणारच," असं म्हणून लोक पुढे जातात. जागा जास्त झाल्या होत्या हे खरं आहे. निव्वळ पैशासाठी काढलेली कॉलेजं बंद झाली तर मला दुःख नाही. पण ज्याला बाहेर जाता येतं त्याला कॉलेज बंद झाल्याचं काहीच वाटत नाही. ज्याला जाता येत नाही त्याला ते सगळ्यात आधी कळतं. मुली, शेतमजुरांची मुलं, आणि सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडची मुलं, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर उसाच्या तोडीला गुजरातेत जातात. नंदुरबारकडच्या कितीतरी मुलांना तर पुण्यापेक्षा सुरत जवळचं, आणि तिथे ती शिकायला कमी, कामाला जास्त जातात.

१९४५ साली खान्देशात एकाच वर्षी दोन कॉलेजं निघाली, अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा. त्या आधी इथल्या मुलाला पदवी हवी असेल तर घर सोडावंच लागे, आणि मुलीला पदवी हवी असेल तर तो विषयच निघत नसे. १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन जळगावला विद्यापीठ आलं, २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलीला घरापासून बसच्या अंतरावर हवा तो विषय मिळावा, एवढं मी मागते.

शिरपूर हे जमू शकतं याचा पुरावा आहे. तेही तालुक्याचंच गाव, पण तिथल्या स्वायत्त अभियांत्रिकी आणि फार्मसी कॉलेजांत बाहेरच्या जिल्ह्यांतली मुलं येऊन राहतात. तिथे वसतिगृहं आहेत, शिकवणारे टिकले आहेत, म्हणून मुलं आहेत. वसतिगृहाचा मुद्दा मी जेव्हा जेव्हा बैठकीत मांडते तेव्हा मला साने गुरुजी आठवतात. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणारा, आजारी मुलाच्या उशाशी बसणारा शिक्षक आजही तिथे सांगितला जातो. खेड्यातलं मूल शिकायचं तर ते आधी कुठेतरी राहिलं पाहिजे, जेवलं पाहिजे, आणि त्याच्यावर कुणाचं तरी लक्ष पाहिजे, हे शंभर वर्षांपूर्वी इथे ठाऊक होतं. आज निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. पंजाबराव देशमुखांच्या नावाची आहे, आदिवासी मुलांसाठी स्वयं आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार आहे. पैसे खात्यावर येतात, पण वर्ष बरंच सरल्यावर, आणि खोलीवाला जूनमध्येच डिपॉझिट मागतो. माझं मत विचाराल तर भत्त्यापेक्षा तालुक्याच्या गावी मुलींचं एक चांगलं चालवलेलं वसतिगृह जास्त मुली शिकवील. चार कॉलेजांनी मिळून ते चालवलं तरी चालेल. चार कॉलेजांनी मिळून फिजिक्सचा एक वर्ग चालवला तरीही चालेल. चार ठिकाणी चार-चार मुलं ठेवून चारही वर्ग बंद करण्यापेक्षा एका ठिकाणी सोळा मुलं बसवा, बस सोडा, एक पूर्ण पगाराचा प्राध्यापक द्या.

यंदा पालक आले तेव्हा "पोरे कितला शेतस" या प्रश्नाचं उत्तर मी दिलं, आकडा लपवला नाही. मग त्यांना विचारायला सांगितलं: शिकवणारे पूर्णवेळ किती, प्रॅक्टिकल आठवड्याला किती होतात, गेल्या तीन वर्षांत कुठला विषय बंद केला, वसतिगृहात रात्री कोण असतं, शेवटची गाडी किती वाजता. हे प्रश्न घेऊन काही जण खरोखर कॉलेजात गेले. एका ठिकाणी प्राचार्यांनी त्यांना प्रयोगशाळा उघडून दाखवली, दुसऱ्या ठिकाणी "नंतर या" म्हणाले. पालकांनी त्यावरून काय ते ठरवलं.

गाडीच्या वेळेचं मात्र आम्ही वाट न पाहता हाती घेतलं आहे. जवळच्या कॉलेजच्या आणि आमच्या मुलींनी मिळून आगारप्रमुखांना अर्ज लिहिला आहे: संध्याकाळची गाडी अर्धा तास उशिरा सोडावी, आणि ती शक्य नसेल तर प्रॅक्टिकलच्या तीन दिवशी तरी. सोबत वेळापत्रक जोडलं आहे, गावांची नावं आणि प्रत्येक गावातून पास काढणाऱ्या मुलींची संख्या जोडली आहे. आगाराचं म्हणणं आहे की चालक कमी आहेत. दोन गावच्या सरपंचांनी आपली शिफारसपत्रं दिली आहेत, तिसऱ्या गावच्या सरपंचबाई म्हणाल्या, पत्र कशाला, मीच येते. सोमवारी त्यांच्याबरोबर आम्ही आगारात जाणार आहोत.